रस्त्याकडेच्या झाडांची देखभाल व तिचा प्राधान्यक्रम (जळगाव आणि धुळे)

रस्त्याकडेच्या झाडांची देखभाल ही नागरी स्थानिक स्वराज्य संस्थांची एक सेवा असून तीत झाडांची पाहणी, फांद्यांची छाटणी, धोकादायक झाडे काढणे, बुंध्याभोवतीचे आळे मोकळे ठेवणे आणि नव्या रोपांना पाणी व आधार देणे या कामांचा समावेश होतो. झाडे पुष्कळ, पण माणसे, वाहने आणि निधी थोडे, अशी स्थिती बहुतेक शहरांत असल्यामुळे कोणते काम आधी करावे आणि कोणते मागे ठेवावे हे ठरवणे भाग पडते. या क्रमाला देखभालीचा प्राधान्यक्रम म्हणतात. खानदेशातील जळगाव व धुळे या शहरांत या प्रश्नाला एक खास स्थानिक पैलू आहे. वादळाच्या भीतीने फांद्या उतरवण्याचा काळ आणि सावलीची सर्वाधिक गरज असण्याचा काळ येथे एकच आहे, तो म्हणजे एप्रिल-मे.

शहरे आणि त्यांची झाडे

जळगाव व धुळे या दोन्ही नगरपालिकांचे महापालिकांत रूपांतर २००३ मध्ये झाले. २०११ च्या जनगणनेनुसार जळगावची लोकसंख्या ४,६०,२२८ आणि धुळ्याची ३,७५,५५९ होती. दोन्ही महापालिका राज्याच्या वर्गवारीत 'ड' वर्गात मोडतात. मोठ्या शहरांप्रमाणे वृक्षतज्ज्ञांचा स्वतंत्र ताफा बाळगणे या वर्गातील महापालिकांना सहसा परवडत नाही. २०१८ मध्ये वलवाडी, अवधान, मोराणे यांसारखी आसपासची गावे धुळे महापालिकेच्या हद्दीत आली आणि गावशिवारातील बांधावरची जुनी झाडेही शहराच्या जबाबदारीत दाखल झाली.

दोन्ही शहरांचा उन्हाळा कडक आहे. जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाणे नवे नाही. पाऊस बेताचा असून धुळ्यात तो जळगावपेक्षाही कमी पडतो. बऱ्याच भागांत जमीन काळी, चिकण आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीत उथळ मुळांचे झाड पहिल्या जोरदार पावसानंतर सैल पडण्याचा संभव असतो. मेच्या उत्तरार्धापासून जूनच्या मध्यापर्यंत येणाऱ्या वादळी वाऱ्यांनी रावेर-यावल भागातील केळीच्या बागा आडव्या होतात, ही बातमी खानदेशात जवळपास दरवर्षीची आहे. तेच वारे शहरातील गुलमोहरही पाडतात.

निवासी वसाहतींच्या रस्त्यांवर कडुनिंब, करंज, पिंपळ, उंबर, गुलमोहर, सोनमोहर, वर्षावृक्ष, काशिद, बदाम, सप्तपर्णी आणि उंच वाढणारा खोटा अशोक ही झाडे प्रामुख्याने दिसतात. त्यांपैकी कडुनिंब, ज्याला खानदेशात नुसते 'निंब' म्हणतात, हा उष्णता व पाण्याचा ताण सर्वांत चांगला सोसणारा वृक्ष होय. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. त्याचे लाकूड ठिसूळ आणि मुळे पृष्ठभागालगत पसरणारी असल्याने देखभालीच्या यादीत त्याचे नाव वारंवार येते.

कायद्याची चौकट

या विषयातील मुख्य कायदा म्हणजे महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. त्यानुसार प्रत्येक नागरी संस्थेने वृक्ष प्राधिकरण स्थापन करायचे असते आणि वृक्ष अधिकारी नेमायचा असतो. महापालिकेत आयुक्त हे प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. दर पाच वर्षांनी वृक्षगणना करणे हे प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. झाड 'तोडणे' या शब्दाच्या कायदेशीर व्याख्येत ते जाळणे, कापणे किंवा त्याला कोणत्याही प्रकारे इजा पोहोचवणे हे सारे येते. त्यामुळे घरमालकाने फाटकापुढच्या सार्वजनिक झाडाच्या मोठ्या फांद्या परस्पर उतरवणे हाही कायद्याने आक्षेपार्ह प्रकार ठरू शकतो. झाड तोडण्याचा अर्ज आल्यावर वृत्तपत्रात आणि प्रत्यक्ष त्या झाडावर सूचना लावावी लागते. झाड मेलेले, रोगट, वाऱ्याने पडलेले किंवा जीवित, मालमत्ता व रहदारीला धोका पोहोचवणारे असल्यास परवानगी नाकारता येत नाही. अर्जावर साठ दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाल्याचे मानले जाते. कार्यालयात अर्ज पडून राहिला तर त्याचा भुर्दंड झाडाला बसतो, असा या तरतुदीचा व्यवहारातील अर्थ आहे.

खर्चासाठी मालमत्ता कराबरोबर वृक्षकर आकारण्याची मुभा कायद्यात आहे. महापालिकेच्या कराच्या बिलावर ही ओळ छापलेली असते, पण ती फार थोडे लोक वाचतात.

याउलट महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात रस्त्याकडेला झाडे लावणे व सांभाळणे हे काम पाणीपुरवठा, सांडपाणी किंवा दिवाबत्तीसारख्या बंधनकारक कर्तव्यांत येत नाही. ते ऐच्छिक कर्तव्यांत मोडते. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी वनीकरण व पर्यावरण संरक्षण या विषयाचा उल्लेख आहे. तरीही अंदाजपत्रक तयार होताना ऐच्छिक कामाला कात्री आधी लागते. जळगाव महापालिकेवर दीर्घकाळ असलेला हुडकोच्या कर्जाचा भार सर्वज्ञात आहे. अशा काळात उद्यान विभागाच्या वाट्याला काय उरत असेल याची कल्पना करता येते.

आणखी एक बाब येथे नोंदवायला हवी. २०२३ मध्ये दोन्ही महापालिकांच्या लोकनियुक्त सभागृहांची मुदत संपली आणि त्यानंतर कारभार प्रशासकांकडे गेला. वृक्ष प्राधिकरणात नगरसेवकांचाही समावेश असतो. नगरसेवकच नसले म्हणजे प्रभागातील झाडांचे म्हणणे मांडणारा आवाज तेवढा कमी होतो.

झाड कोणाच्या अखत्यारीत

प्राधान्य ठरवण्याआधी झाड कोणाचे, हा प्रश्न सोडवावा लागतो. वसाहतीतील अंतर्गत रस्त्यावरचे झाड महापालिकेचे. राज्य मार्गालगतचे झाड सार्वजनिक बांधकाम विभागाचे. जळगावातून जाणाऱ्या सुरत-नागपूर महामार्गावरील किंवा धुळ्याला स्पर्शून जाणाऱ्या मुंबई-आग्रा महामार्गावरील झाड राष्ट्रीय महामार्ग यंत्रणेच्या कक्षेत येते. कुंपणाच्या आतले झाड मालकाचे असते, पण तेही तोडायचे तर परवानगी वृक्ष अधिकाऱ्याचीच लागते. भिंतीला चिकटून वाढलेला पिंपळ किंवा अर्धा खोड आत, अर्धा बाहेर अशी कडुनिंबाची झाडे यांच्याबाबत कागदोपत्री पत्रव्यवहार दीर्घकाळ चालतो. तेवढ्या काळात फांदी वाढतच राहते.

धोक्याची प्रतवारी

जगभर मान्य असलेल्या पद्धतीनुसार झाडापासूनचा धोका तीन गोष्टींवरून मोजला जातो. झाड किंवा त्याचा भाग मोडण्याची शक्यता किती, मोडल्यास त्याखाली माणूस, वाहन किंवा घर असण्याची शक्यता किती आणि पडणारा भाग किती मोठा, या त्या तीन गोष्टी होत. या विचारसरणीत केवळ झाडाचे वय किंवा उंची निर्णायक नसते. मेहरूण तलावाच्या काठावर पोकळ झालेला जुना वृक्ष कोणाच्या वाटेत येत नसेल तर त्याला तसाच ठेवता येतो. त्याच अवस्थेतील झाड शाळेच्या फाटकावर असेल तर त्याचा क्रम पहिला लागतो.

पाहणी करताना डोळ्यांनी दिसणाऱ्या खुणांवर भर असतो. बुंध्यावर उगवलेली अळंबी, मोठी ढोली, मुळाशी वाळवीने केलेली माती, दोन जाड फांद्यांच्या बेचक्यात पडलेली चीर, एका बाजूची पालवी अकाली सुकणे, पूर्वी सरळ असलेले झाड अलीकडे कलणे आणि कललेल्या बाजूच्या विरुद्ध जमीन उचलली जाणे या त्या प्रमुख खुणा होत. यांतील शेवटची खूण सर्वांत तातडीची. वर्षानुवर्षे वाकडे वाढलेले झाड आणि आठवडाभरात कललेले झाड यांत फरक आहे. हा फरक रोज त्या रस्त्याने जाणाऱ्यालाच कळतो, अधिकाऱ्याला नव्हे. म्हणून स्थळपाहणीच्या वेळी शेजाऱ्यांना विचारणे हा पाहणीचाच भाग समजला जातो.

ही पाहणी न केल्यास काय होते याचे उदाहरण न्यायालयीन निर्णयांत आहे. दिल्लीत १९६४ मध्ये स्कूटरवरून जाणाऱ्या एका व्यक्तीच्या अंगावर रस्त्याकडेच्या झाडाची फांदी पडून तिचा मृत्यू झाला. दिल्ली महानगरपालिका विरुद्ध सुशीला देवी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये महापालिकेची जबाबदारी कायम ठेवली. रस्त्यावरील झाडे सुस्थितीत आहेत की नाही हे वेळोवेळी पाहणे आणि धोकादायक झालेले झाड काढणे हे ज्या संस्थेच्या ताब्यात ती झाडे आहेत तिचे कर्तव्य होय, असे या निर्णयातून स्पष्ट झाले. घटना आणि अंतिम निकाल यांत पस्तीस वर्षे गेली, हेही नोंद घेण्याजोगे आहे.

वीजवाहिन्यांखालील झाडे

व्यवहारात छाटणीचा बराच मोठा भाग झाडाच्या प्रकृतीपेक्षा तारांमुळे ठरतो. जळगाव, धुळे व नंदुरबार हे तीन जिल्हे महावितरणच्या जळगाव परिमंडळात येतात. पावसाळ्यापूर्वी ठरावीक दिवशी वीजपुरवठा बंद ठेवून वाहिन्यांजवळच्या फांद्या काढल्या जातात. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ६८ नुसार वाहिनीला अडथळा ठरणारे झाड हटवण्याचा किंवा त्याची व्यवस्था लावण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात. वाहिनी टाकण्याआधीपासून ते झाड तेथे असेल तर मालकाला भरपाई देण्याची तरतूदही याच कलमात आहे.

या कामाचा हेतू तार मोकळी करणे एवढाच असतो. त्यामुळे झाडाची एकच बाजू उतरवली जाते आणि उरलेला भार दुसऱ्या बाजूस, म्हणजे बहुधा घरांच्या बाजूस, झुकतो. काही वर्षांनी तेच झाड 'घरावर कलले आहे' म्हणून महापालिकेच्या यादीत येते. एका यंत्रणेचे काम संपते तेथे दुसऱ्या यंत्रणेचे सुरू होते. दोन्ही यंत्रणांनी एकाच दिवशी, एकाच शिडीवरून काम केले तर हे टळू शकते. तारांखाली मुळातच बुटकी झाडे लावणे हा उपाय यापेक्षाही सोपा आहे.

छाटणीचा हंगाम

कडुनिंब, पिंपळ आणि इतर बरीच पानझडी झाडे हिवाळ्याच्या शेवटी पाने गाळतात. माघ-फाल्गुनात फांद्यांचा सांगाडा उघडा दिसतो, वाळलेली फांदी ओळखता येते आणि झाडाला छाटणीचा धक्का कमी बसतो. गुढीपाडव्याच्या सुमारास कोवळी पालवी फुटते. म्हणजे नेमकी छाटणी जानेवारी-फेब्रुवारीत झाली तर उन्हाळ्यापूर्वी सावली पुन्हा उभी राहते.

प्रत्यक्षात हे काम मे महिन्यात होते. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. नव्या वर्षाची तरतूद, निविदा आणि कार्यादेश यांत एप्रिल जातो. मग पावसाळापूर्व कामांची धांदल सुरू होते. नालेसफाई आणि फांद्या एकाच बैठकीत हाताळल्या जातात. अशा रीतीने झाडाचे पंचांग आणि हिशेबाचे पंचांग यांची गाठ पडत नाही. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या मुली निंबाच्या फांदीला झोके बांधतात. हा सण नेमका याच दिवसांत येतो. झोक्याची फांदी आणि छाटणीची फांदी बहुधा एकच असते, कारण दोन्हींना रस्त्यावर आडवी गेलेली मजबूत फांदीच हवी असते.

घाईच्या छाटणीचा परिणाम उन्हाळ्यापुरता राहत नाही. पायी जाणारे, भाजीची गाडी लावणारे, रिक्षाथांब्यावर उभे राहणारे यांच्या डोक्यावरची सावली ऐन ४४-४५ अंशांच्या काळात नाहीशी होते. दुसरीकडे, पक्ष्यांच्या विणीच्या हंगामात काम करणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या दृष्टीनेही अडचणीचे आहे. या कायद्यात पक्ष्यांची अंडी वा घरटी नष्ट करणे हे शिकारीच्या व्याख्येत येते. बगळ्यांची वसाहत असलेले झाड पावसाळ्यात छाटायचे नाही, असा संकेत त्यामुळेच पाळावा लागतो.

वाळलेली, मोडकी किंवा लटकलेली फांदी मात्र कोणत्याही महिन्यात काढावी लागते. तिच्यासाठी हंगाम नसतो.

छाटणीची पद्धत

कोणते झाड आधी, या प्रश्नाइतकाच ते कसे छाटायचे हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण आजची चुकीची छाटणी उद्याचे तातडीचे काम निर्माण करते. शेंडा उडवून झाडाचा खुंट उभा ठेवल्यास काही आठवड्यांत कापलेल्या टोकाभोवती लांब, सरळ फुटव्यांचा झुबका येतो. हे फुटवे मूळच्या लाकडात खोलवर रुजलेले नसतात, सालीलगतच धरलेले असतात. चार-पाच वर्षांत ते जाड होतात आणि वाऱ्यात मुळासकट निसटतात. झाड 'सुरक्षित' करण्यासाठी शेंडा उडवला, म्हणून ते अधिक असुरक्षित झाले, असा हा उलटा प्रकार आहे.

योग्य पद्धतीत जाड फांदी तीन कापांत उतरवतात. खोडापासून थोड्या अंतरावर आधी खालून अर्धवट काप घेतात. मग त्याच्या किंचित पुढे वरून कापून फांदीचे ओझे खाली घेतात. शेवटी उरलेला खुंट खोडाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेरून साफ करतात. पहिला काप न घेतल्यास फांदी पडताना खोडाची साल खालपर्यंत सोलून नेते. फुगीर कडे कापले तर जखम भरून येत नाही, आणि खुंट लांब ठेवला तर तो कुजतो. मोरचूद व चुन्याची बोर्डो पेस्ट जखमेवर लावण्याची पद्धत फळबागांतून शहरात आली. परंतु काप बरोबर घेतला असेल तर झाड स्वतःच जखम बुजवते. एका वेळी पालवीचा साधारण पाव हिस्स्याहून अधिक भाग काढू नये, असे सांगितले जाते. ठेकेदाराला उतरवलेल्या लाकडाच्या वजनावर लाभ होत असेल तर ही मर्यादा पाळली जाणे कठीण असते. म्हणून निविदेत मोबदला झाडामागे ठेवावा आणि लाकडाचा हिशेब वेगळा ठेवावा, हे इष्ट.

मुळे, काँक्रीट आणि खोदकाम

जी फांदी रस्त्यावर येते ती सर्वांना दिसते. मुळे दिसत नाहीत, म्हणून प्राधान्यक्रमात ती सर्वांत खाली राहतात. दोन्ही शहरांत अलीकडच्या वर्षांत अमृत योजनेतून पाण्याच्या वाहिन्या टाकल्या गेल्या. जळगावात आणि धुळ्याच्या देवपूर भागात भूमिगत गटारांसाठीही रस्ते खोदले गेले. चर बुंध्याजवळून गेला की त्या बाजूची आधारमुळे तुटतात. झाड लगेच पडत नाही. ते दोन-तीन पावसाळ्यांनंतर पडते, तेव्हा कोणाला त्या चराची आठवण राहत नाही. खोदकामाची परवानगी देणारा बांधकाम किंवा पाणीपुरवठा विभाग आणि झाडांची नोंद ठेवणारा उद्यान विभाग यांच्यात एका नकाशाची देवघेव झाली तर चर एक-दोन मीटर सरकवणे बहुतेक ठिकाणी शक्य असते.

खोदकामानंतर रस्त्याचे काँक्रीट आणि कडेला फरशी येते. ती बुंध्याला भिडवली की पाणी व हवा दोन्ही बंद होतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांबाबत बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. मोकळे आळे हा देखभालीतील सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्याला शिडीची गाडी लागत नाही, एक कुदळ पुरते.

नवी लागवड आणि पाणी

जूनमध्ये लावलेल्या रोपाची खरी परीक्षा पुढच्या एप्रिलमध्ये होते. खानदेशात पहिले दोन-तीन उन्हाळे टँकरने पाणी मिळाले नाही तर रोप जगत नाही. पाणीटंचाईच्या काळात टँकर आधी माणसांकडे जातो, आणि ते योग्यच आहे. म्हणूनच जेवढ्या रोपांना तीन वर्षे पाणी घालता येईल तेवढीच लावणे हा व्यवहार्य नियम ठरतो. लागवडीचा आकडा जाहीर होतो, जगलेल्या झाडांचा सहसा होत नाही. याच वयात झाडाला वळण लावता येते. दुहेरी शेंडा असेल तर एक काढणे आणि खालच्या फांद्या माणसाच्या डोक्यावर जाईपर्यंत हळूहळू उतरवणे ही कामे छाटणीच्या साध्या कात्रीने होतात. वीस वर्षांनंतर याच कामासाठी करवत, शिडीची गाडी आणि वीजबंदी लागते. संरक्षक जाळी वेळेवर न काढल्यास ती खोडात रुतते, हेही नेहमी दिसणारे दृश्य आहे.

जातींची निवड हीदेखील पुढच्या देखभालीची तरतूदच होय. झटपट हिरवळ देणारे कोनोकार्पस अनेक शहरांत लावले गेले. शेजारच्या गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. खानदेशापुढे स्वतःची उदाहरणे आहेतच. मेहरूणची बोरे प्रसिद्ध आहेत. रस्त्याकडेला काटेरी बोर कोणी लावणार नाही हे खरे, पण या मातीत कमी पाण्यावर काय तग धरते, हे तेथील बोरीने दाखवून दिले आहे.

तक्रारी आणि त्यांचा भार

पाहणीवर आधारित यादी नसेल तर तिची जागा तक्रारी घेतात. अर्ज आला, फोन आला, नगरसेवकाने सांगितले, त्या क्रमाने गाडी जाते. या पद्धतीत तत्परता असते, पण समतोल नसतो. सुस्थितीतील वसाहतींतून पाला पडतो, सौर पॅनेलवर सावली येते, पाटी झाकली जाते अशा तक्रारी येतात आणि त्यांची दखल घेतली जाते. ज्या वस्त्यांत अर्ज लिहिणारे कमी, तेथील कुजलेला बुंधा तसाच उभा राहतो. अशा वस्त्यांत झाडेही कमी असतात. रस्ते अरुंद असून दाराशी आळ्याला जागा नसते. त्यामुळे असलेल्या एकेका झाडाचे मोल तेथे अधिक असते. डच अभ्यासक सेसिल कोनाइनेनडाइक यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार प्रत्येक घरातून तीन झाडे दिसावीत, वस्तीवर तीस टक्के वृक्षच्छाया असावी आणि उद्यान तीनशे मीटरच्या आत असावे. हे सूत्र प्रभागनिहाय लावून पाहिले तर देखभालीचा आणि लागवडीचा क्रम तक्रारींपेक्षा बराच वेगळा येईल.

तक्रार निरुपयोगी असते असे मात्र नाही. अचानक कललेले झाड किंवा तारेवर अडकलेली फांदी यांची बातमी रहिवाशांकडूनच येते. फरक करायचा तो धोक्याची खबर आणि गैरसोयीचा अर्ज यांत. पहिल्यासाठी रात्रीही अग्निशमन विभागाची गाडी निघते. दुसऱ्याने हिवाळ्याच्या फेरीपर्यंत थांबायला हरकत नसते. अर्ज करताना झाडाची जात, नेमकी जागा, कोणती खूण दिसली आणि ती केव्हापासून, हे लिहिल्यास पाहणीचा वेळ वाचतो.

वारसा वृक्ष

२०२१ मध्ये अधिनियमात झालेल्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष हा दर्जा दिला. एखादे झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे बंधन घातले आणि दोनशे किंवा त्याहून अधिक झाडांच्या प्रस्तावांसाठी राज्यस्तरीय प्राधिकरणाची तरतूद केली. धुळे शहराची नवी वस्ती १८१९ नंतर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्या काळात आखली गेली. जळगाव कापूस आणि रेल्वेमुळे वाढले. दोन्ही ठिकाणी जुन्या बंगल्यांच्या, कचेऱ्यांच्या व मंदिरांच्या आवारातील वड, पिंपळ, चिंच आणि कडुनिंब सहज या व्याख्येत बसतात. परंतु दर्जा मिळण्यासाठी झाडाचे वय कोठेतरी नोंदलेले असावे लागते. ती नोंद वृक्षगणनेत होते. गणनेच्या वेळी घरोघरी फिरणाऱ्या व्यक्तीला झाड कोणी व कोणत्या साली लावले हे सांगणारी वडीलधारी माणसे जुन्या पेठांत आजही भेटतात.